सोमाली विद्यार्थी, उंटिणीचे दूध आणि ‘सी/सी’चा अहवाल

पुण्यातील एका आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे तेवीस वर्षांचा एक सोमाली विद्यार्थी आला. वसतिगृहात दूध घेतले की त्याचे पोट फुगते, गुरगुरते, कधी जुलाब होतात. कोणीतरी सुचवले म्हणून त्याने जनुकीय चाचणी करून घेतली. अहवालात ‘१३९१० या जागी सी/सी, लॅक्टेज टिकलेले नाही, दूध वर्ज्य’ असे लिहून आले; लॅक्टेज म्हणजे दुधातील साखर पचवणारे विकर. मुलगा मात्र सांगतो की सतराव्या वर्षापर्यंत तो गावाकडे रोज लोटाभर उंटिणीचे दूध पीत असे आणि त्याला कधीही काही झाले नाही. बाई विचारतात, ‘खरे कोणाचे मानायचे, अहवालाचे की मुलाचे?’

मुलाचे खरे आहे आणि अहवालातले अक्षरही खरे आहे. (डीएनएची साखळी ए, सी, जी, टी या चार अक्षरांची असते; सी/सी म्हणजे जोडीतील दोन्ही गुणसूत्रांवर त्या जागी ‘सी’.) चुकला आहे तो अक्षरावरून काढलेला निष्कर्ष. ती चाचणी युरोपीय लोकांवरील संशोधनातून तयार झालेली आहे. सोमाली, अफार, बेजा, ओरोमो यांसारख्या लोकांमध्ये प्रौढपणी दूध पचण्याची क्षमता वेगळ्या अक्षरांवर अवलंबून असते, आणि ती अक्षरे या चाचणीत तपासलीच जात नाहीत. शिवाय ती अक्षरे नसलेली कितीतरी सोमाली माणसे रोज अर्धा लिटर दूध पिऊन ठणठणीत असतात. हा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, पण तिथे पोहोचण्यासाठी पहिला नीट समजून घ्यावा लागेल.

दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा जोडरेणू असून तो आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे विकर त्याचे दोन तुकडे करते आणि मग ते शोषले जातात. प्रत्येक निरोगी तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यानंतर बहुतेक सस्तन प्राण्यांत आणि जगातील बहुसंख्य माणसांत त्याची निर्मिती हळूहळू घटत जाते. म्हणजे प्रौढपणी लॅक्टेज कमी असणे हा आजार नाही, तीच मानवजातीची मूळ अवस्था आहे. ज्यांच्यात ते टिकून राहते, त्यांच्यात काहीतरी नवे घडले आहे. वैद्यकीय पुस्तकांनी अनेक वर्षे याच्या उलट मांडणी केली, कारण ती पुस्तके जिथे लिहिली गेली तिथे टिकलेले लॅक्टेजच सर्वसामान्य होते.

हे नवे काय, याचा पहिला धागा २००२ साली फिनलंडमध्ये हाती लागला. लॅक्टेजचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. नबील एनत्ताह, लीना पेल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनिश कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की फरक या जनुकात नसून त्याच्या आरंभापासून सुमारे १४,००० अक्षरे मागे आहे. तिथे १३९१० क्रमांकाच्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ असेल, तर लॅक्टेज प्रौढपणीही टिकते. गंमत अशी की ही जागा एमसीएम६ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या पोटात, त्याच्या तेराव्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा आराखडा नसलेल्या एका मधल्या तुकड्यात आहे, आणि त्या जनुकाचा दुधाशी काडीचाही संबंध नाही; पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत काढण्याच्या कामात ते मदत करते. त्याच्या पोटातील तो लहानसा पट्टा मात्र लॅक्टेजच्या जनुकासाठी प्रवर्धकाचे काम करतो. पेशीतील काही नियामक प्रथिने त्या पट्ट्याला चिकटतात आणि लॅक्टेजचे जनुक चालू ठेवतात. वय वाढते तशी या भागातील डीएनएवर मिथाइल गटांची रासायनिक मोहर बसत जाते आणि जनुक मिटू लागते; ‘टी’ असलेल्या गुणसूत्रावर हे मिटणे टळते. एकाच गुणसूत्रावर बदल असला तरी पुरेसे लॅक्टेज बनते, म्हणून आईकडून किंवा वडिलांकडून, कोणाही एकाकडून तो मिळाला तरी दूध पचते.

या शोधानंतर साहजिकच सर्वांना वाटले की कोडे सुटले. पण सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया इथल्या पशुपालकांमध्ये प्रौढपणी दूध पचते, हे जुन्या चाचण्यांवरून १९७० आणि १९८०च्या दशकांतच दिसलेले होते; सुदानमधील बेजा हे त्यातले ठळक उदाहरण. त्यांचे नमुने तपासले, तर १३९१०चा ‘टी’ त्यांच्यात जवळजवळ नव्हताच. क्षमता आहे, पण तिचे ठरलेले कारण नाही. अपवाद फुलानींचा. पश्चिम आफ्रिकेपासून सुदानपर्यंत पसरलेल्या या गोपालकांमध्ये हा ‘टी’ सापडतो. मात्र सोमालियाच्या बाजूला त्याने फारशी मुळे धरलेली नाहीत.

२००७ साली उत्तर मिळाले, आणि ते एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून आले. सारा टिश्कॉफ यांच्या गटाने टांझानिया, केनिया आणि सुदान येथील ४३ समाजांतील ४७० माणसांना लॅक्टोज पाजून त्यांच्या रक्तातील साखर मोजली आणि त्यांच्या त्याच प्रवर्धक पट्ट्याचे वाचन केले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॅलस स्वॉलो यांच्या गटाने सुदान व इथिओपियातील लोकांवर तसेच काम केले. या अभ्यासांतून तीन नवे बदल पुढे आले: १४०१०व्या जागी ‘जी’ऐवजी ‘सी’, १३९१५व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ आणि १३९०७व्या जागी ‘सी’ऐवजी ‘जी’. पुढे १४००९व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ हा चौथा बदलही यादीत आला.

हे आकडे सावकाश वाचावेत, कारण सगळी मौज त्यांच्यात आहे. १४०१० आणि १४००९ ही दोन अक्षरे एकमेकांना खेटून आहेत. १३९१५, १३९१० आणि १३९०७ ही तीन अवघ्या नऊ अक्षरांच्या टापूत आहेत. मानवी जीनोममध्ये सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. त्यांपैकी शंभरेक अक्षरांच्या एका पट्ट्यात, वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या काळात, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांमध्ये पाच वेळा बदल झाले आणि पाचांचाही परिणाम एकच झाला: लॅक्टेज मिटले नाही. आतड्याच्या पेशींच्या प्रयोगशाळेतील वाणावर यांपैकी कोणताही बदल घालून पाहिला, तर जनुकाचा जोर वाढलेला दिसतो. नियामक प्रथिनांशी होणारी जवळीक मात्र प्रत्येक बदलात निराळी असते. म्हणजे कुलूप एकच असले, तरी ते उघडे राहण्याची कारणे पाच आहेत.

आता सोमाली लोकांकडे वळू. स्वॉलो यांच्याच गटाने इथिओपियाच्या पूर्व भागातील उंटपालक सोमालींचा स्वतंत्र अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते या विषयावरचा तो सर्वांत डोळे उघडणारा निबंध आहे. एकाच भाषेच्या, एकाच धंद्याच्या, एकाच परिसरातील या माणसांच्या प्रवर्धक पट्ट्यात बदललेल्या आठ जागा आढळल्या. १३९०७, १३९१५ आणि १४००९ हे तिन्ही बदल त्यांच्यात होते, पण त्यांपैकी एकही बहुसंख्येत नव्हता. फिनलंडमध्ये एका अक्षरावर बोट ठेवून ‘हेच कारण’ म्हणता येते. इथे कारण वाटून गेलेले आहे.

याचा व्यावहारिक परिणाम किती मोठा असतो, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही समाजाचे नव्हेत. समजा, एका समाजात असे तीन बदल आहेत आणि प्रत्येकाचे प्रमाण शंभर गुणसूत्रांमागे ५ आहे. म्हणजे शंभरांतील १५ गुणसूत्रांवर कोणता ना कोणता उपयोगी बदल आहे आणि ८५ कोरी आहेत. ज्या माणसाची दोन्ही गुणसूत्रे कोरी, त्याला लॅक्टेज टिकत नाही; अशी माणसे ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे शंभरांत सुमारे ७२. उरलेल्या २८ जणांना दूध पचते. आता तुमच्या चाचणीत या तिघांपैकी एकच बदल तपासला जात असेल, तर त्या २८ पैकी जेमतेम १० जण ओळखले जातील आणि १८ जणांच्या हाती ‘दूध वर्ज्य’ असा कागद पडेल. १३९१०ची चाचणी तर या तिघांपैकी एकही बदल पाहत नाही. तिच्या दृष्टीने जवळजवळ सगळेच सोमाली सारखे. त्यांच्या कपाळी सी/सी.

संशोधकांनाही हाच अडथळा आला. प्रत्येक बदल विरळ असल्यामुळे काही सुट्या बदलांचा दूध पचण्याशी असलेला संबंध संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठळक उमटत नाही. २०१३ साली इथिओपियातील अफार, अम्हारा, ओरोमो, सोमाली आदी लोकांच्या मोठ्या अभ्यासात वेगळी युक्ती केली गेली: सुटे बदल बाजूला ठेवून, ज्यांना दूध पचते त्यांच्या पट्ट्यात एकूण विविधता किती आणि ज्यांना पचत नाही त्यांच्या पट्ट्यात किती, याची तुलना केली. पचणाऱ्यांमध्ये ती स्पष्टपणे अधिक निघाली. नैसर्गिक निवड म्हटले की एखादा बदल सगळीकडे पसरतो आणि विविधता घटते, असे आपण शिकलेलो असतो. इथे उलटे चित्र आहे. निवडीने एक विजेता निवडलेला नाही. उपयोगाचे जे जे समोर आले ते ते सगळे तिने एकदम वर उचलले आहे. शास्त्रज्ञ याला मृदू निवड म्हणतात, आणि माणसातील तिचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

शेजारच्या समाजांमध्ये याच बदलांचे मिश्रण निराळे आहे. लाल समुद्राच्या काठचे बेजा आणि दानाकिलच्या रणरणत्या खोलगट प्रदेशातील अफार, दोघेही सोमालींप्रमाणे कुशिती, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतील एका कुळाच्या, भाषा बोलणारे. १३९०७चा ‘जी’ त्यांच्यात उठून दिसतो. हा बदल ‘आफ्रिकेच्या शिंगा’चाच, तिथेच उपजलेला असावा असे त्याच्या वितरणावरून वाटते. दक्षिणेला केनिया-टांझानियात उतरले की १४०१०चा ‘सी’ सुरू होतो. मसाईंमध्ये तो भरपूर आहे. मसाईंची भाषा नाइल खोऱ्याच्या कुळातली, सोमालींच्या भाषेशी तिचे नाते नाही. तरी त्यांच्या शेजारी राहणाऱ्या इराक्वसारख्या कुशिती भाषकांतही तोच ‘सी’ आहे. गुरे, बायकामुले आणि जनुके यांची देवघेव भाषेच्या कुंपणाला जुमानत नाही. हाच ‘सी’ पुढे पशुपालकांबरोबर थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला. नामिबियाच्या बाजूच्या नामा लोकांत तो सापडतो, आणि दक्षिणेत गुरे नेमकी कोणी नेली, या जुन्या वादात त्याची साक्ष काढली जाते.

१३९१५चा ‘जी’ मात्र समुद्रापलीकडचा आहे. अरबस्तानात तो सर्वांत अधिक आढळतो. सौदी अरेबियातील प्रौढांच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असते, हे १९७५ सालीच प्रत्यक्ष मोजून दाखवले गेले होते. २००८ साली या बदलाचे वय सुमारे ४,००० वर्षे काढले गेले, तेही मोठ्या अनिश्चिततेसह, आणि त्याचा संबंध उंट माणसाळवण्याशी जोडला गेला. एका वशिंडाचा उंट अरबस्तानात साधारण ३,००० वर्षांपूर्वी माणसाळला असे आता मानतात. एडनच्या आखाताची रुंदी आणि लोकांची त्यावरील ये-जा पाहता, तो ‘जी’ सोमालींकडे अरबस्तानातून आला असे मानणे सयुक्तिक आहे.

पण एवढ्यावरून ‘सोमालींची दूध पचवण्याची क्षमता उंटामुळे आली’ असे म्हणण्याची घाई करू नये. सोमालीलँडमधील हर्गेसा शहराजवळ लास गील नावाची खडकातील चित्रे आहेत. सोमाली भाषेत त्या नावाचा अर्थ उंटांचा पाणवठा असा होतो. पण चित्रांत भरून राहिल्या आहेत त्या गायी, रंगीत पट्ट्यांनी सजवलेल्या मानांच्या आणि ठसठशीत कासांच्या. ही चित्रे साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वीची मानतात. या भूमीवर उंटाच्या आधी गाय दुभत होती. आज सोमाली माणसाच्या बोलण्यात, कवितेत, वधूमूल्यात आणि रक्तदंडाच्या हिशेबात उंटाला जे स्थान आहे, ते नंतरचे आहे. आधी आलेले १३९०७ आणि नंतर आलेले १३९१५, असे दोन थर मानले तर आजच्या सोमाली पट्ट्यातील गर्दी समजण्यासारखी होते. पाऊस, चारा आणि व्यापार यांनी जे मिश्रण माणसांचे केले, तेच त्यांच्या जनुकांचे झाले.

हे बदल इतक्या वेगाने का वाढले? टिश्कॉफ यांच्या गटाने १४०१०च्या ‘सी’भोवतीचा अखंड राहिलेला डीएनएचा पट्टा वीस लाख अक्षरांहून लांब असल्याचे दाखवले. पिढ्यानुपिढ्या गुणसूत्रांची कापाकापी होते तसा असा पट्टा तुटत जातो. तो इतका लांब उरला, म्हणजे बदल तरुण आहे आणि झपाट्याने पसरला आहे. कारणांबद्दल मात्र मतभेद आहेत. नुसत्या उष्मांकांच्या लाभावर हा वेग समजावणे कठीण जाते. रुक्ष प्रदेशात दूध हे अन्न आहे तसे पाणीही आहे, आणि ज्याला दुधाने जुलाब होतात त्याच्या शरीरातून तेथे पाणी जाणे हे जिवावरचे असते, हा विचार १९७८ साली अरबस्तानाच्या संदर्भात मांडला गेला. सोमाली उंटपाळांचा जिलाल, म्हणजे जानेवारी ते मार्चचा कोरडा काळ, डोळ्यांसमोर आणला की तो पटतो. पाणवठ्यापासून दूर गेलेल्या पोरांना त्या दिवसांत कळपाच्या दुधावर राहावे लागते, आणि तहानलेली उंटीण अधिक पातळ, अधिक पाणी असलेले दूध देते. युरोपच्या बाबतीत २०२२ साली झालेला मोठा अभ्यासही दुष्काळ आणि रोगराई यांच्याकडेच बोट दाखवतो.

जुन्या हाडांतून मिळालेली साक्ष या चित्रात एक पाचर मारते. पूर्व आफ्रिकेतील मातीच्या खापरांमध्ये आणि दातांवरच्या किटणात दुधाच्या खुणा हजारो वर्षांपासून मिळतात. सहाराच्या लिबियातील भागात तर सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या खापरांत दुधाचे अंश सापडले आहेत. परंतु २०१९ साली केनिया-टांझानियातील प्राचीन पशुपालकांचा डीएनए वाचला गेला, तेव्हा त्यांत लॅक्टेज टिकवणारा बदल एकाच माणसात मिळाला. तो टांझानियातील गिशिमांगेडा गुहेतला, सुमारे २,१०० वर्षांपूर्वीचा. त्याआधी हजार वर्षांहून अधिक काळ ही माणसे गुरे पाळत होती, दूध वापरत होती, आणि त्यांच्या पेशींत तो बदल नव्हता. म्हणजे दूध पिणे आधी, जनुक मागून.

मग ही माणसे दूध पीत कशी होती? तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. २००९च्या त्या सोमाली अभ्यासात श्वासाची चाचणी झाली, तेव्हा दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक ताजे दूध पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना लॅक्टोज पचत नसल्याचे दिसले. आणि त्यांची पोटाची तक्रार काहीच नव्हती.

ही चाचणी कशी चालते, हे एकदा शेजारी बसून पाहावे. उपाशीपोटी माणसाला लॅक्टोजचे द्रावण देतात. क्षेत्रीय अभ्यासांत ते बहुधा ५० ग्रॅम असते, म्हणजे सुमारे एक लिटर दुधातील साखर. मग तीन तास, दर अर्ध्या तासाने, तो एका नळीत फुंकतो आणि यंत्र श्वासातील हायड्रोजन दशलक्ष भागांत मोजते. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका सोमाली गृहस्थांचे पहिल्या अडीच तासांचे आकडे माझ्या वहीत आहेत: सुरुवातीला ५, मग ७, ८, मग ३१, ५८, ७४. वीसने वाढ झाली की लॅक्टोज पचले नाही असे धरतात. इथे ती सत्तरच्या जवळ गेली. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली होती आणि तिथले जिवाणू तिच्यावर तुटून पडले होते. मी त्यांना दर वेळी विचारीत होतो, ‘पोटात कळ? गुबारा?’ ते हसून मान हलवीत होते. तीन तास संपल्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की आता दुधाचा चहा मिळेल का. सोमाली भाषेत चहाला ‘शाह’ म्हणतात आणि वेलदोडा-दालचिनी घालून, दूध घालून तो पितात. त्यामुळे या एका बाबतीत आमचे लगेच जमले.

मोठ्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती रोजच्या लॅक्टोजने बदलते. साखर खाऊन वायू कमी आणि उपयोगी मेदाम्ले अधिक बनवणारे, बायफिडोबॅक्टेरियासारखे जिवाणू वाढतात. ज्यांना लॅक्टेज नाही अशा स्वयंसेवकांना दहाएक दिवस नेमाने लॅक्टोज दिले, तर त्यांच्या श्वासातील हायड्रोजन लक्षणीय घटतो, हे १९९०च्या दशकातच दाखवले गेले आहे. म्हणून तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये. लॅक्टेज टिकणे ही जनुकाची गोष्ट, लॅक्टोज पचणे ही लहान आतड्याची, आणि दूध सोसणे ही संपूर्ण पोटाची, सवयीची आणि बऱ्याच अंशी मनाचीही. अहवाल पहिलीबद्दल बोलतो, तेही अर्धवट. मुलगा तिसरीबद्दल बोलतो.

शिवाय सगळे दूध धारोष्ण पीत नाहीत. सोमाली घरांत धार काढण्याचे आणि दूध साठवण्याचे भांडे मुळांच्या किंवा झाडाच्या तंतूंचे घट्ट विणलेले असते. डील आणि हान ही त्यांची नावे. ते धुऊन झाले की जळत्या लाकडाच्या ढलप्याची आतून धुरी देतात. आपण कोशिंबिरीला किंवा ताकाला निखाऱ्यावर तूप टाकून धुंगार देतो, त्याची आठवण व्हावी असा वास त्या दुधाला येतो. धुराने नको ते जंतू आवरतात आणि दूध टिकते. उंटिणीचे दूध त्यात एक-दोन दिवस ठेवले की आंबट, पातळसर सूसअ तयार होते. आपल्या दह्यासारखी घट्ट कवडी त्याला येत नाही, कारण उंटिणीच्या दुधातील केसिनची घडण वेगळी असते. आंबवण्याने सगळे लॅक्टोज जात नाही, काही भागच कमी होतो. पण त्यातील जिवाणू स्वतःचे विकर घेऊन येतात आणि पोटात गेल्यावर उरलेल्या साखरेचे काम हलके करतात. पूर्व आफ्रिकेतील सूसअमध्ये स्ट्रेप्टोकॉकस इन्फँटेरियसचा असा वाण आढळतो, की ज्याने लॅक्टोज पचवणारी जनुके दह्याच्या ओळखीच्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसकडून घेतलेली दिसतात. दुधाशी जुळवून घेण्यासाठी जनुके बदलली, ती अशी माणसाचीच केवळ नव्हेत.

एक गैरसमज इथेच दूर करतो. उंटिणीच्या दुधात लॅक्टोज नसते, किंवा नगण्य असते, असे आजकाल जाहिरातींतून सुचवले जाते. ते खरे नाही. गायीच्या दुधात शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या आतबाहेर लॅक्टोज असते आणि उंटिणीच्या दुधात त्याहून थोडेसेच कमी. तिच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन नसते, त्यामुळे गायीच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या काहींना ते चालते. पण अॅलर्जी हा प्रतिकारशक्तीचा विषय आहे; लॅक्टोजशी त्याची गल्लत करू नये.

अहवालाकडे परत येऊ. चाचणी करणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवले तर सुगावा लागतो. १३९१०चे अक्षर ओळखण्यासाठी डीएनएचा एक लहान शोधक तुकडा त्या जागेवर बसवतात आणि तापमान वाढवीत तो कधी सुटतो ते पाहतात. ‘सी’ असेल तर एका तापमानाला आलेखावर उंचवटा येतो, ‘टी’ असेल तर दुसऱ्या. तीन अक्षरे पलीकडे १३९०७चा किंवा पाच अक्षरे अलीकडे १३९१५चा बदल असेल, तर तुकडा नीट बसत नाही आणि उंचवटा भलत्याच जागी येतो. युरोपातील प्रयोगशाळांना आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांमध्ये असे विचित्र आलेख दिसले आणि त्यांचे वाचन केल्यावर हे शेजारचे बदल सापडले. माझ्या सहकाऱ्याने असा पहिला आलेख मला दाखवला, तेव्हा आम्ही दोघांनीही नमुना खराब समजून चाचणी पुन्हा लावली होती. पुन्हा तोच उंचवटा. यंत्र बरोबर होते, आमची अपेक्षा चुकीची होती. तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेकडे मूळ आलेख मागता आला तर जरूर मागावा. अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे प्रवर्धकाच्या त्या संपूर्ण पट्ट्याचे वाचन. काही शे अक्षरांचेच काम आहे.

मराठी रुग्णाबाबत १३९१०ची चाचणी निरर्थक नाही, हे सांगायला हवे; नाहीतर या उत्तरातून चुकीचा बोध घेतला जाईल. २०१२ साली भारतभरातील २,२८४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की भारतातील मुख्य बदल हाच, १३९१०चा ‘टी’ आहे आणि त्याचे मूळ युरोपीय ‘टी’शी एकच आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे त्याचे प्रमाण उतरत जाते; निलगिरीतील म्हशीपालक तोडा हा ठळक अपवाद. त्यामुळे पुण्यातील प्रयोगशाळा ही चाचणी ठेवते यात काही गैर नाही. गैर आहे ते समोरचा माणूस कुठला हे न विचारता निष्कर्षाचे ठरलेले वाक्य छापणे.

आता मुलासाठी काय करावे. आधी जनुके विसरून पोट पाहावे. जनुक वयाच्या तेविसाव्या वर्षी बदलत नाही. ज्याला आधी चालत होते त्याला अचानक चालेनासे झाले, तर काहीतरी नवे घडलेले असते. जियार्डिया हा आतड्यातील परजीवी, नुकताच झालेला जंतुसंसर्ग, प्रतिजैविकांचा लांबलेला कोर्स, गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, आणि आपल्या देशात आतड्याचा क्षय, यांनी लहान आतड्याचे अस्तर बिघडून लॅक्टेज तात्पुरते जाते. शौचाची तपासणी आणि वजनाचा इतिहास यांनी बराच उलगडा होतो. हे सगळे स्वच्छ निघाले, तर पुढचे प्रश्न विचारावेत: गाव सोडल्यावर दूध किती वर्षे बंद होते? आता घेतो ते कधी, किती आणि कशाबरोबर? वसतिगृहातील मुले सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर म्हशीचे दूध घटाघट पितात, आणि मला वाटते इथेही तसेच काही असावे. सतराव्या वर्षी दूध सुटले, पुढची काही वर्षे काळा चहा. तेवढ्यात मोठ्या आतड्यातील ती सरावलेली वस्ती पांगली असणार.

तसे असेल तर उपाय सोपा आहे. जेवणाबरोबर अर्धा कप दूध, दिवसातून दोनदा, आठवडाभर. मग हळूहळू वाढवीत तीन-चार आठवड्यांत पेलाभर. सोबत दही आणि ताक पहिल्या दिवसापासून. तक्रार राहिलीच तर २५ ग्रॅम लॅक्टोजची श्वासचाचणी करावी आणि त्यात मिथेनही मोजावा, कारण काहींचे जिवाणू हायड्रोजन सोडतच नाहीत आणि चाचणी खोटा दिलासा देते. दूध सरसकट तोडू नये. बाहेरदेशी राहणाऱ्या सोमालींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार दिसते. त्यात कॅल्शियमचा हा हक्काचा मार्ग बंद केला, तर हाडांचे नुकसान ठरलेले.

फाइलमध्ये ‘१३९१० सी/सी’ ही नोंद राहू द्या, ती खरी आहे. तिच्यापुढे ‘१३९०७, १३९१५, १४००९ तपासलेले नाहीत’ असे लिहा आणि ‘दूध वर्ज्य’ ही ओळ खोडा.